टेम्पररी माणसाला जपानीत काय म्हणायचं

इंग्रजीतला ‘टेम्पररी’ जपानीत न्यायचा असेल तर आधी एक प्रश्न विचारावा लागतो: कशापुरतं? वीज गेली आणि अर्ध्या तासात येणार असेल, तर ते इचिजितेकी. खरी वस्तू येईपर्यंत तिच्या जागी काहीतरी उभं केलं, तर ते कारी. निर्णय व्हायचा आहे, तोवर असंच चालू द्या, तर झान्तेई. आणि नेहमीच्या व्यवस्थेबाहेर प्रसंगापुरती जादा गाडी सोडली, जादा माणूस बोलावला, तर रिन्जी. मराठीत आपण या सगळ्याला ‘तात्पुरतं’ म्हणतो आणि कामाला लागतो. जपानी माणसाला तेवढ्यावर भागत नाही. हे किती दिवस टिकणार आणि याच्यानंतर काय येणार, हे त्याला शब्दातच कळलेलं हवं असतं.

हे मला चांगलं येतं. साताऱ्यात बसून हे येणारी माणसं फारशी नाहीत आणि त्याचा मला माज होता. होता असं म्हणते, कारण तो कसा उतरला तेच सांगायला बसले आहे.

औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी दुभाषी आहे. तिथं गाड्यांचे पत्र्याचे भाग होतात आणि मालकीत अर्धा वाटा जपान्यांचा आहे. पुण्यात जपानी शिकले, तिथंच नोकरी लागली असती, पण वडील फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात राहिलेले, आई गेलेली, म्हणून परत आले. माझं नेमणुकीचं पत्र अकरा महिन्यांचं असतं. ते संपलं की दुसरं. असं आठ वेळा झालं. दर वेळी वडील विचारतात, “कायम कवा करनार तुला?” मी चिडते आणि त्यांना सांगते की आता कायम असं काही नसतं. त्यांची पेन्शन दर महिन्याला येते, त्यामुळे त्यांना ते पटत नाही.

ज्याच्यापायी माझा माज उतरला तो माणूस मी लागले त्याच्या आधी एक वर्ष लागला होता. प्रेसवर काम करायचा. प्रेस म्हणजे पत्रा डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून त्याला आकार देणारं यंत्र, दीड माणूस उंच, आणि खाली येताना कुणाचं ऐकत नाही. त्याचं गाव इस्लामपूरजवळ आणि माझं आजोळ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. हे कळल्या दिवसापासून मी त्याच्यासाठी मॅडमची ताई झाले. वयानं तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तेव्हा मी त्याला दादा म्हणायची. पहिल्या आठवड्यात शॉपमध्ये, म्हणजे यंत्रं चालतात त्या भागात, कुठं उभं राहायचं नाही हे मला त्यानंच दाखवलं. “आवाज ऐकायचा, ताई. आवाज बदलला की समजायचं, डाय नीट बसली न्हाई.” त्या वेळी इथं एक जपानी इंजिनिअर होता. तो रोज सकाळी याच्या प्रेसजवळ येऊन डोळे मिटून उभा राहायचा आणि याला विचारायचा की आज कसं आहे. याला तो सेन्सेई म्हणायचा.

“म्हंजे काय वो, ताई?”

“गुरुजी.”

तो दिवसभर हसत होता. मग सगळी लाइनच त्याला गुरुजी म्हणायला लागली. दोन वर्षांपूर्वी तो इंजिनिअर जपानला परत गेला आणि त्याच्या जागी आलेला माणूस शॉपमध्ये फारसा यायचा नाही.

गुरुजी नऊ वर्षं त्या प्रेसवर होता, पण कागदावर कधीच सात महिन्यांच्या पुढे गेला नाही. सात महिने भरत आले की कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस गेटवर त्याचं कार्ड काढून घ्यायचा. पंधरा दिवस घरी. मग नवं कार्ड, नवा नंबर, आणि कागदावर नवा माणूस. सलग नोकरी झाली असं कुणाला म्हणता येऊ नये, म्हणून ही सोय. कारखान्यात त्याला ब्रेक म्हणतात. पण त्याच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, आणि बाहेर नोकरीला असलेला माणूस पंधरा दिवस गावी दिसला की तो सुट्टीवर आलाय हे सगळे धरूनच चालतात. त्यानंही ते तसंच चालू दिलं. पंधरा दिवस भावाबरोबर हळदीच्या रानात राबायचा आणि कुणी विचारलं तर सांगायचा, सुट्टीवर आलोय.

हे त्याला सोयीचं होतं त्याला कारण होतं. आमच्याकडे मुलगी देताना हल्ली पहिला प्रश्न रान किती हा नसतो, पोरगा कायम आहे का, हा असतो. सहा वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर त्यानं ‘व्हय’ म्हटलं होतं. मग ते तसंच राहिलं. मला हे त्यानं स्वतः सांगितलं होतं, जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता. सांगताना तो शरमला नव्हता. त्याला वाटायचं, एवढ्या वर्षांत कायम होऊनच जाऊ, मग ते खोटं राहणार नाही.

त्या प्रेससमोर एक सेन्सर होता. हात आत असेल तर यंत्र खाली येत नाही, एवढंच त्याचं काम. तो बिघडला. नवा मागवला, तोवर हात आत जाऊ नये म्हणून समोर पत्र्याचा एक गार्ड तारेनं बांधला. तात्पुरता. दोन महिने तो तसाच होता. तार ढिली होते हे गुरुजीनं सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं आणि मला तिसऱ्यांदा, जाता जाता. मी म्हटलं, लिहून द्या. तो हसला. लिहून देणाऱ्याचं नवं कार्ड निघत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला मी वरच्या ऑफिसात होते. एखादा प्रेस थांबला तर वर कळत नाही. त्या दिवशी सगळे थांबले. मी खाली पोचेपर्यंत त्याला नेलं होतं. उजव्या हाताची तीन बोटं गेली. गार्ड एका तारेवर लोंबत होता आणि कुणीतरी तो सरळ करून परत बांधायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात गेले. त्याचा हात उशांवर उंच ठेवलेला, चेहरा पिवळा पडलेला. बायको औषधं आणायला खाली गेली होती. ती वर यायच्या आत त्याला दोन गोष्टी बोलायच्या होत्या.

“ताई, जपानला कळवलंय का? त्यास्नी सांगा, तार ढिली व्हती. मी बोललोवतो. मला परत घ्या म्हनावं. बटन दाबायला दोन बोटं बास हायती. न्हाईतर तपासनीच्या टेबलावर बसवा. डाय लावायची झाली तर मी नुसता हुबा ऱ्हाऊन सांगीन.”

“सांगते,” मी म्हटलं.

“आन् घरात ब्रेकचं काय कळू देऊ नका. हिला ठावं न्हाई.”

मी तेही कबूल केलं. त्या दोन शब्दांपैकी मी दुसरा पाळला आणि त्याच्या आडून पहिला मोडला. पुढं सगळं सांगतेच आहे, पण हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

दोन दिवसांनी कामगारांचं बघणाऱ्या साहेबांनी अहवाल दिला. दीड पान, इंग्रजी. संध्याकाळच्या आत जपानी हवा. त्यात ‘टेम्पररी’ दोन ठिकाणी होता. एकदा गार्डला आणि एकदा माणसाला. टेम्पररी गार्ड बसवलेला होता. टेम्पररी ऑपरेटर, नोकरी तीन महिने. कारण: यंत्राची पुरेशी ओळख नसल्यानं ऑपरेटरनं हात आत घातला. ढिल्या तारेचा उल्लेख नव्हता. त्यानं आधी सांगितल्याचाही नव्हता.

मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, “सर, हे तीन महिन्यांचे नाहीत. नऊ वर्षं झाली त्यांना.”

“मॅडम, रेकॉर्ड तीन महिन्यांचं आहे. आपण रेकॉर्डचं भाषांतर करतो.” मग चष्मा पुसत म्हणाले, “तुमचं पत्र पुढच्या महिन्यात संपतंय ना? मी बघतो ते.”

ती धमकी नव्हती. धमकी असती तर मी भांडले असते, माझा स्वभाव तसाच आहे. माणूस चांगला आहे, माझ्या वडिलांच्या मोतीबिंदूच्या वेळी स्वतःची गाडी दिली होती त्यांनी. त्यांनी नुसती आठवण केली, आणि मी कागद घेऊन जागेवर आले.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला आजही शिसारी येते. मी दोन तास ‘टेम्पररी’वर घालवले. गार्डला कारी लावावं की झान्तेई? खरा सेन्सर येणार होता, त्याच्या जागी उभं केलेलं ते, म्हणजे कारी. बरोबर. माणसाला कारी लावता येत नाही, तो काही कुणाच्या जागी ठेवलेला पत्रा नव्हे. इचिजितेकी म्हटलं तर तो आजच्या दिवसापुरता आला होता असं वाटेल. रिन्जी. प्रसंगापुरता घेतलेला जादा माणूस. जुन्या अहवालांत कसं लिहिलंय ते तपासलं, शब्दकोश उघडले, दोन वाक्यं फिरवून पाहिली. शेवटी रिन्जी चपखल बसला तेव्हा मला बरं वाटलं. तीन बोटं गेलेल्या ओळखीच्या माणसावरचं वाक्य नीट जमलं म्हणून मी खूश झाले होते.

जपानी भाषांतरात खाली टीप द्यायची पद्धत आहे, अनुवादकाची टीप. वाचणाऱ्याला इथली गोष्ट कळणार नाही असं वाटलं की आम्ही ती देतो, आणि ती द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. बेंदराच्या दिवशी लाइनवर माणसं का कमी होती, हे समजावायला मी एकदा बैल, शिंगं, झूल आणि पुरणपोळी अशी चार ओळींची टीप दिली होती. इथं दोन ओळी पुरल्या असत्या. या कामगारांना दर सात महिन्यांनी पंधरा दिवस घरी पाठवून नवीन दाखवतात. हा माणूस या यंत्रावर नऊ वर्षं आहे. मी ती टीप मनात तयारसुद्धा केली. मग स्वतःला म्हटलं, ब्रेकचं कुणाला सांगू नका असं त्यानंच सांगितलंय. त्यानं बायकोपुरतं सांगितलं होतं. जपानमधल्या वाचणाऱ्याचा त्याच्या बायकोशी काय संबंध, हे मला न कळण्याइतकी मी मूर्ख नाही. मी अहवाल पाठवून दिला.

आठवड्यानं व्हिडिओ कॉलवर बैठक झाली. तिकडून सुरक्षेचं बघणारे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी सुरुवातीला मान खाली घालून त्या कामगाराबद्दल दुःख व्यक्त केलं आणि ते खरं होतं, ऐकून कळत होतं. मग त्यांनी विचारलं, “तीन महिन्यांच्या रिन्जी माणसाला प्रेसवर कुणी बसवलं? त्या बिचाऱ्याला धोका काय आहे हेच माहीत नसणार.”

मी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं. साहेब म्हणाले, आम्ही यात सुधारणा करू. ते मी जपानीत सांगायचं होतं. दोन वाक्यांच्या मध्ये दुभाष्याला श्वास घ्यायला एक क्षण मिळतो, त्या क्षणात तो खोलीतला एकटाच माणूस असतो ज्याला दोन्हीकडचं कळलेलं असतं. मी श्वास घेतला आणि सांगितलं, आम्ही यात सुधारणा करू.

त्यांच्या पद्धतीत प्रत्येक अपघाताला दोन उपाय लिहितात. एक लगेचचा आणि एक कायमचा. लगेचचा ठरला तो असा: सेन्सर आठ दिवसांत बसवायचा. आणि कायमचा: यापुढे रिन्जी कामगाराला कुठल्याही प्रेसवर उभं करायचं नाही. मायेपोटी केलेला नियम होता तो. नवख्या, न शिकलेल्या माणसांना इजा होऊ नये म्हणून. सेन्सर खरोखरच आठ दिवसांत आला.

नियम जपानीतून मीच इंग्रजीत केला आणि गेटवर लावायला मीच मराठीत केला. प्रेसवर गुरुजीसारखे आणखी सहा जण होते, कुणाला पाच वर्षं, कुणाला आठ, सगळे कागदावर नवे. दुसरीकडे कुठं त्यांना जागा नव्हती. ठेकेदारानं कार्डं काढून घेतली आणि या वेळी नवी दिली नाहीत. ते माझ्यासमोरून डबे घेऊन गेले. एकानं सूचनेचा आणि पद्धतीप्रमाणे शेजारी लावलेल्या जपानी अहवालाचा मोबाइलवर फोटो काढला. गुरुजीचा हात अजून बांधलेला होता. त्याला ठेकेदाराचा फोन गेला की यायची गरज नाही.

माझं पत्र वेळेवर आलं. वडिलांनी तोच प्रश्न विचारला आणि या वेळी मी चिडले नाही. त्यांना त्याचंच आश्चर्य वाटलं.

तीन महिन्यांनी गुरुजीचा फोन आला. “ताई, एकदा येऊन जावा. कागद वाचायचा हाय.” मी दोन रविवार टाळले. तिसऱ्या रविवारी सकाळी एसटीनं कराडला, तिथून इस्लामपूर, आणि पुढं रिक्षानं गेले. वाटेत स्वतःशी ठरवत होते की साहेबांनी काय केलं ते सांगायचं. किती सांगायचं, ते ठरत नव्हतं.

तो अंगणात खाटेवर बसला होता. उठून उभा राहिला, नमस्कार करायला हात जोडले आणि उजवा लगेच खाली घेतला. बायकोनं चहा आणला. त्यानं कप डाव्या हातानं धरला, आता सवय झाली होती. ती आत जाईपर्यंत थांबून मी हळू आवाजात म्हटलं, “वहिनींना कळलं का, ब्रेकचं?”

ती उंबऱ्यातच होती. “मला दुसऱ्याच वर्षी कळलंय,” ती म्हणाली. “शर्ट धुताना खिशातलं कार्ड काढायची की मी. दर बारीला नंबर निराळा. ह्यास्नी वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाई.”

तो खाली बघत राहिला. मीही. मी ज्याच्या आड उभी होते ते काहीच नव्हतं, हे मला त्या अंगणात चहाचा कप हातात असताना कळलं.

मग त्यानं मोबाइल काढला. अहवालाचा फोटो कुणीतरी त्याला पाठवला होता. अंगठ्यानं तो मोठा करायला त्याला वेळ लागला, मी मदतीला हात पुढं केला नाही, कारण त्याला तो स्वतः करून दाखवायचा होता.

“तुमी जपानला सांगितलंसा ते ह्यातच असंल. तार ढिली व्हती, मी बोललोवतो, ते. हे ठेकेदाराला दावायचंय. आदी त्यांच्या भाषेत वाचा. ऐकू द्या हिला.”

मी वाचलं. दीड पान, माझंच. तो मान हलवत ऐकत होता, एखादा शब्द ओळखीचा लागला की बायकोकडे बघत होता. इतकी वर्षं त्यांच्यात वावरलेला माणूस, दहा-वीस शब्द त्याला येत होते. वाचून झाल्यावर म्हणाला, “आता आपल्यात सांगा.”

तेव्हासुद्धा मी शब्द शोधत होते. खोटं नाही सांगत. मनात मी त्या वाक्याला मऊ करणारं काहीतरी चाचपत होते, आणि ते सापडलं असतं, मला ते नेहमी सापडतं. पण तो समोर बसला होता आणि पूर्ण विश्वासानं थांबला होता. मी ओळीवर बोट ठेवलं आणि जसं होतं तसं मराठीत केलं. समोर तात्पुरता गार्ड होता. माणूस टेम्पररी, तीन महिन्यांचा. यंत्राची पुरती ओळख नसल्यानं त्यानं हात आत घातला.

मागं कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

“तारंचं?”

“त्यात नाही.”

“मी बोललोवतो ते?”

“तेही नाही.”

“हे लिवलं कुनी?”

“इंग्रजी साहेबांनी. जपानी मी.”

त्यानं मोबाइल खाटेवर उलटा ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं, मी त्याचीच वाट बघत होते. आवाज त्याचा नेहमीसारखाच होता, शॉपमध्ये मला उभं राहायची जागा दाखवताना असायचा तसा.

“बोटाचं सोडा, ताई. मशिनीवर मानसाची बोटं जात्यात. पन मला काम येत न्हवतं, म्हनून गेली, असं लिवलंय व्हय तुमी?”

मी हो म्हटलं.